पात्याखालची चटई

इतिहासाच्या पुस्तकांत तलवारीला जागा मिळते, ती जिच्यावर घडली त्या ऐरणीला मिळत नाही. सुतार म्हटले की करवत आठवते, चांभार म्हटले की रापी आठवते. ज्या ठोकळ्यावर लाकूड टेकवले, ज्या फळीवर कातडे पसरले, त्याची आठवण सहसा कुणी ठेवत नाही. तीस वर्षे इतिहास शिकवताना मुलांना मी सनावळ्या, तह आणि लढाया सांगत आलो. पण हत्याराच्या खाली काय असते, हा प्रश्नही इतिहासाचाच आहे, असे आता वाटू लागले आहे. या लेखात त्याच प्रश्नाचा थोडा मागोवा घ्यायचा आहे, आणि निमित्त आहे ते अगदी घरगुती.

गेल्या काही वर्षांत आपल्या गावांतूनही कागद कापण्याचे एक छोटे विजेचे यंत्र दिसू लागले आहे. शिवणयंत्राच्या पेटीएवढा त्याचा आकार. संगणकावर किंवा मोबाइलवर चित्र काढायचे, आणि यंत्रातले पेन्सिलीच्या टोकाएवढे पाते ते चित्र कागदातून अचूक कापून देते. गणपतीची आरास, बारशाच्या पाळण्यावरचे नाव, शाळेच्या भित्तिपत्रकाची अक्षरे अशी कामे त्यावर होतात. या यंत्राबरोबर प्लॅस्टिकची एक पातळ, एका अंगाने चिकट अशी पत्री मिळते. तिला मॅट म्हणतात. मी तिला चटई म्हणेन. यंत्रातले पाते फक्त डावीकडून उजवीकडे सरकते. पुढेमागे हलायचे काम कागदाचे असते आणि रूळ त्याला हलवतात. नुसता कागद आत घातला तर तो सुरकुततो, सरकतो आणि कापलेले तुकडे आतच अडकतात. चटई त्याला धरून ठेवते, आणि पात्याचे टोक कागदापार गेले तर ओरखडा स्वतःवर घेते. वरवर पाहता एवढेच तिचे काम आहे. पण या कामामागे फार जुनी परंपरा आहे.

सुरुवात आपल्या स्वयंपाकघरापासून करू. आपल्याकडे विळी होती. विळीचे पाते जागेवर स्थिर असते आणि भाजी हातात हलते. त्यामुळे पात्याखाली काही ठेवण्याची गरजच पडत नाही. पाश्चात्त्य स्वयंपाकघरात याच्या उलट. तिथे भाजी स्थिर असते, सुरी हलते, म्हणून सुरीखाली फळी लागते. आपल्या घरांत फळी आणि सुरी रुळली ती ओटा आला आणि आईआजी उभ्याने स्वयंपाक करू लागल्या त्यानंतर. म्हणूनच कापण्याच्या फळीला आपल्या भाषेत पाट्यावरवंट्यासारखे जुने, खास असे नाव नाही.

घराबाहेर मात्र पात्याखालच्या वस्तूचे शास्त्र आपल्या कारागिरांना चांगले ठाऊक होते. खाटकाच्या दुकानातला चिंचेचा ओंडका आठवा. तो आडवा कधी ठेवत नाहीत, उभा ठेवतात. म्हणजे लाकडाचे धागे वर तोंड करून असतात. आडव्या धाग्यांवर घाव पडला की धागे तुटतात आणि लाकडाला खाचा पडतात. उभ्या धाग्यांवर घाव पडला की ते थोडे बाजूला सरतात, पात्याला वाट देतात आणि पाते निघाले की पुन्हा जवळ येतात. ओंडकाही टिकतो आणि सत्तूरची धारही टिकते. चामड्याच्या कामातही तेच. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले ते एकट्या कोल्हापूरला मिळाले नाही. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना ते मिळून मिळाले. या आठही जिल्ह्यांत रापी चालली ती कशावर तरी टेकवूनच. चपलेचे नाव झाले, रापीचेही थोडेफार झाले, टेकणीचे झाले नाही.

कागदाच्या बाबतीत हा विचार सर्वांत आधी केला तो कागदाच्या मायदेशात, चीनमध्ये. कागद कातरून नक्षी करण्याची कला तिथे फार जुनी आहे. शिंजियांगमध्ये सापडलेली कातरलेल्या कागदाची गोल नक्षी इसवी सनाच्या सहाव्या शतकातली आहे, आणि २००९ मध्ये युनेस्कोने चिनी कातरकामाची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत केली. या कलेच्या दोन रीती आहेत. एक कात्रीची, दुसरी सुरीची. कात्रीला आधार लागत नाही, कारण तिचे एक पाते दुसऱ्याचा आधार असते. सुरीने मात्र कागदांचे कित्येक थर एकदम कापायचे असतात. त्यासाठी चिनी कारागीर चरबी आणि राख यांच्या मिश्रणाचा मऊ थर करून त्यावर कागद ठेवतात. सुरीचे टोक खाली उतरले की त्या थरात रुतते, पण बोथट होत नाही. आणि थर चरे पडून खराब झाला की तो पुन्हा सपाट करून घेता येतो. खाटकाच्या ओंडक्याची युक्ती आणि ही युक्ती, दोन्हींचे तत्त्व एकच. खालच्याने पात्याशी झगडायचे नाही, त्याला वाट द्यायची आणि मग पूर्ववत व्हायचे.

विसाव्या शतकात हे तत्त्व कारखान्यात आले. जपानमधील ओसाका शहरात योशिओ ओकादा हा गृहस्थ कागद कापण्याच्या कामात होता. पात्याचे टोक बोथट झाले की सारे पाते टाकून द्यावे लागे, ही त्याची अडचण. चांभार काच फोडून तिच्या ताज्या कडेने काम करतात हे त्याने पाहिले होते, आणि अमेरिकन सैनिकांकडच्या चॉकलेटच्या वडीच्या खाचांवरून तुकडे कसे मोडतात हेही. या दोन गोष्टी जोडून १९५६ साली त्याने टोक मोडून नवे टोक पुढे घेता येईल असे पाते तयार केले. आज कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा कटर तो हाच. ओल्फा हे त्याच्या कंपनीचे नावही ‘मोडायचे पाते’ अशा अर्थाच्या जपानी शब्दांवरून आले आहे. याच कंपनीने १९७९ मध्ये चाकासारखे फिरणारे गोल पाते बाजारात आणले. कापड कापणाऱ्या बायकांना ते फारच सोयीचे झाले. आपल्याकडे जिला वाकळ किंवा गोधडी म्हणतात आणि कन्नड घरांत जिला कौदी म्हणतात, तसली पांघरुणे अमेरिकेत आणि जपानात शिवणाऱ्यांनी कात्री बाजूला ठेवून हे चाक हाती घेतले. पण चाक टेबलावर चालवले तर टेबलही कापले जाते. म्हणून त्याच्याबरोबर मऊ प्लॅस्टिकच्या थरांची जाड चटई आली. तिच्यावर चिरा पडतात आणि बुजतातही. ती भरून येते असे म्हणतात. खरे तर ती कापलीच जात नाही, फक्त बाजूला सरते. चिंचेच्या ओंडक्याचाच हा धडा.

यंत्राच्या पात्याखाली काय ठेवावे, हा प्रश्न सोडवला तो जोसेफ गर्बर यांनी. १९२४ मध्ये व्हिएन्नात जन्मलेला हा ज्यू मुलगा नाझींच्या तावडीतून सुटून १९४० मध्ये आईबरोबर अमेरिकेत पोहोचला. अभियांत्रिकी शिकत असताना पायजम्याचे इलॅस्टिक काढून, त्यावर खुणा करून त्याने ताणता येणारी मोजपट्टी बनवली, आणि तिच्यावरूनच पुढे त्याचा उद्योग उभा राहिला. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्याने कापडाचे अनेक थर संगणकाच्या हुकमाने कापणारे यंत्र तयार केले. मोठी अडचण होती ती कापड धरून कसे ठेवायचे आणि पाते आरपार गेल्यावर खाली कुठे जायचे ही. गर्बरने टेबलावर ब्रशासारखे उभे केस बसवले. पाते केसांमधून वाट काढत जाते. वरून कापडावर प्लॅस्टिकचा पातळ कागद पसरायचा आणि खालून हवा ओढून घ्यायची, म्हणजे थर एकमेकांना घट्ट बसतात. काम झाले की हवा सोडायची, कापड मोकळे. उभे केस म्हणजे उभे धागेच, फक्त आता तिथे धरण्याची आणि सोडण्याची सोयही झाली. १९९४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते गर्बर यांना तंत्रज्ञानाचे राष्ट्रीय पदक मिळाले, आणि १९९६ मध्ये ते वारले.

गर्बरच्याच कंपनीने १९८० नंतरच्या दशकात चिकट प्लॅस्टिकमधून अक्षरे कापणारे यंत्र पाट्या रंगवणाऱ्यांसाठी आणले. त्याचे वंशज आपण रोज पाहतो. बसस्थानकाजवळच्या ‘रेडियम’च्या दुकानात गाडीवर लावायचे नाव कापून मिळते ते याच घराण्याच्या यंत्रावर. आपल्या भागात एकाच गाडीवर मागे मराठी अक्षरे आणि काचेवर कन्नड अक्षरे असतात, दोन्ही एकाच पात्याने कापलेली. रेडियमला वेगळी चटई लागत नाही, कारण त्याचा पाठीमागचा गुळगुळीत कागदच चटईचे काम करतो. पाते वरचा थर कापते आणि खालच्या कागदाला नुसते शिवून परत येते. साध्या कागदाला असा पाठीराखा नसतो. त्याच्यासाठी चटई करावी लागली, आणि तिची गरज निर्माण झाली ती वह्या सजवणाऱ्या घरांतून.

वह्या म्हणजे चिकटवह्या. कात्रणे, पत्रे, फोटो चिकटवून ठेवण्याची हौस युरोप-अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात फार होती. प्रसिद्ध लेखक मार्क ट्वेन यांनी १८७३ मध्ये एका चिकटवहीचे पेटंट घेतले. पानांवर आधीच गोंद लावलेला, तो ओला करायचा आणि कात्रण बसवायचे. हेच ट्वेन १८९६ मध्ये व्याख्यानांसाठी हिंदुस्थानात आले, मुंबईला उतरले आणि बडोद्यालाही जाऊन आले. आपल्याकडे तेव्हा गव्हाची खळ होती. पुढे शाळाशाळांतून घोटीव कागद, कात्री आणि खळीचा डबा घेऊन पुढाऱ्यांच्या, पक्ष्यांच्या, किल्ल्यांच्या चिकटवह्या झाल्या.

अमेरिकेतल्या युटा राज्यात या हौसेला वेगळे वळण मिळाले. तिथला मॉर्मन पंथ पूर्वजांच्या नोंदी जपणे हे धर्मकर्तव्य मानतो. त्यासाठी १८९४ मध्ये त्यांनी वंशावळींची संस्था काढली आणि पुढे डोंगर पोखरून नोंदींच्या मायक्रोफिल्मसाठी कोठार बांधले. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांच्या मायक्रोफिल्मही या संस्थेने केल्या आहेत, म्हणजे आपल्यातल्या कुणाकुणाच्या आजोबापणजोबांची नावे त्या डोंगरात असू शकतील. अशा या प्रदेशातल्या स्पॅनिश फोर्क गावच्या मेरिलीन ख्रिस्टेन्सेन यांनी आपल्या कुटुंबाचे फोटो आणि आठवणी लिहून, सजवून वह्या केल्या. कोणता कागद पिवळा पडतो, कोणता गोंद फोटो खातो, याचा त्यांनी शोध घेतला. १९८० मध्ये सॉल्ट लेक सिटीत नोंदींविषयीची जागतिक परिषद भरली, तेव्हा त्यांनी आपल्या पन्नास वह्या तिथे मांडल्या. लोकांनी इतकी विचारपूस केली की १९८१ मध्ये या दांपत्याने त्या सामानाचे दुकानच काढले. पुढच्या दोन दशकांत हा छंद अमेरिकाभर पसरला. बारा इंच लांब-रुंद असे वहीचे चौरस पान ठरून गेले, आणि त्यावर चिकटवायची फुले, अक्षरे, चौकटी हाताने कातरून बोटे दुखू लागल्यावर यंत्राचा विचार आला. क्रिकट हे नाव मिळालेले घरगुती यंत्रही युटामधल्याच कंपनीचे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते आले तेव्हा त्याची चटई सहा इंच रुंद आणि बारा इंच लांब होती. पुढच्या यंत्रांनी बारा इंची चौरस चटई घेतली, वहीच्या पानाएवढीच.

या चटईची सारी कसोटी तिच्या गोंदात आहे. गोंद घट्ट हवा, पण सोडणाराही हवा. अशा गोंदाची गोष्ट मजेदार आहे. १९६८ मध्ये थ्रीएम कंपनीच्या स्पेन्सर सिल्व्हर यांच्या हाती असा एक गोंद लागला की तो चिकटे पण सहज सुटे. अनेक वर्षे कुणाला त्याचा उपयोग सुचेना. १९७४ मध्ये त्याच कंपनीतल्या आर्ट फ्राय यांना चर्चच्या गाण्यांच्या पुस्तकात खुणेचे कागद टिकत नाहीत म्हणून त्याची आठवण झाली, आणि १९८० मध्ये कचेरीतल्या टेबलांवर दिसणाऱ्या त्या पिवळ्या चिठ्ठ्या अमेरिकेच्या बाजारात आल्या. चटईवरच्या गोंदाचा स्वभावही तोच. क्रिकटच्या चटयांत रंगावरून घट्टपणा ओळखतात. पातळ कागदाला निळी, साध्या जाड कागदाला हिरवी, पुठ्ठ्याला जांभळी, कापडाला गुलाबी. पतंगाचा कागद जांभळ्या चटईवर ठेवला तर निघताना फाटणार. पुठ्ठा निळ्यावर ठेवला तर कापताना सरकणार. जो तो आपल्या जागी शोभतो.

आमच्या चित्रकलेच्या बाई मुलांना एक गोष्ट आवर्जून सांगतात. कापून झाल्यावर कागद चटईवरून ओढू नये, चटई कागदावरून सोडवावी. म्हणजे सारे उलटे करून टेबलावर ठेवायचे आणि चटई वाकवत मागे घ्यायची. कागद ओढला तर त्याला बाक येतो. चटई वाकवली तर कागद सरळ राहतो. वाकायचे कुणी, तर जे मजबूत आहे त्याने. काम झाले की चटईवर तिचा पारदर्शक कागद झाकावा, धूळ बसू देऊ नये. चिकटपणा कमी झाला तर निळी, हिरवी, जांभळी चटई कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुऊन हवेवर वाळवावी. गुलाबी मात्र धुऊ नये. पाते गरजेपेक्षा खोल लावू नये, कारण ही चटई चिकट आहे, भरून येणारी नव्हे. तिच्यावरचा चर कायमचा असतो.

देवनागरीत नाव कापताना आणखी एक गंमत कळते. इंग्रजी अक्षरे सुटी कापली जातात आणि ओळीत बसवताना नाकी नऊ येतात. आपल्या शब्दाला शिरोरेषा आहे, सारा शब्द एकसंध निघायला हवा. पण संगणकात प्रत्येक अक्षर आपली शिरोरेषा वेगळी घेऊन येते आणि यंत्र जोडाच्या जागीही पाते फिरवते. म्हणून कापण्यापूर्वी सर्व अक्षरे एकमेकांत मिळवून घ्यावी लागतात. तेवढे केले की ‘शुभ दीपावली’ हे दोन अखंड तुकड्यांत हाती येते. कन्नड अक्षरांना अशी रेघ नसल्यामुळे त्यांना खाली पट्टी जोडावी लागते. दोन्ही लिप्यांतली आमंत्रणे करणाऱ्या आपल्या घरांना ही माहिती उपयोगी पडेल.

हे सारे लिहावेसे वाटले ते दुसऱ्या एका चिकट पानामुळे. १९७० ते १९९० च्या काळातले लग्नाचे अल्बम बहुतेकांच्या कपाटात असतील. जाड पुठ्ठ्याचे पान, त्यावर गोंदाच्या रेघा, वरून प्लॅस्टिकचा पडदा. तेव्हा ती मोठी सोय वाटे. आज ती पाने पिवळी पडली आहेत, आणि फोटो काढू पाहिला तर चेहऱ्याचा पापुद्रा पानावरच राहतो. चटईचा गोंद आणि या पानाचा गोंद, दोन्ही धरतातच. पण एकाला सोडता येते, दुसऱ्याला येत नाही. जे सोडत नाही ते जपतही नाही.

आपल्या दुभाषी जिल्ह्यांतल्या घरांना हे विशेष लागू आहे. इथे एकाच ट्रंकेत आजोबांचे मोडीतले खत, वडिलांचा मराठी शाळेचा दाखला, कन्नडमधला सात-बाराचा उतारा आणि दोन लिप्यांतल्या लग्नपत्रिका एकत्र असतात. नातवंडे इंग्रजी शाळेत जातात. त्यांना मोडी येत नाही, पुष्कळांना देवनागरीही अडखळत येते. हे कागद कुणाचे, कशाचे, हे सांगणारी माणसे एकेक करून कमी होत आहेत. इतिहास म्हणजे फक्त सरकारी दप्तर नव्हे. तो अशा ट्रंकांतही असतो, आणि वाळवी, ओल व वाईट गोंद यांच्याशी त्याची रोज लढाई चालू असते.

म्हणून या दिवाळीच्या सुट्टीत मुलांना यंत्र घेऊन बसू द्यावे, आणि आपण शेजारी बसून सांगावे. नियम चारच. अल्बममधला फोटो ओढून काढू नये. पातळ दोरा त्याच्या मागून सावकाश सरकवून पाहावा, आणि निघत नसेल तर पानासकट त्याची प्रतिमा काढून घ्यावी. वर्तमानपत्राचे कात्रण फोटोला लागून ठेवू नये, कारण तो कागद लवकर पिवळा पडतो. मूळ खत, मूळ दाखला, मूळ फोटो यंत्राच्या चटईवर कधीही ठेवू नये. छायाप्रत कापावी, सजवावी, आणि मूळ कागद चांगल्या पाकिटात कोरड्या जागी ठेवावा. आणि प्रत्येक चित्राखाली हाताने, शाईने, नाव, गाव आणि साल लिहावे. मराठीत लिहावे, जमेल तिथे कन्नडातही लिहावे. यंत्राला चौकट कापता येते, वेल कापता येते. त्या चौकटीतली बाई आपली कोण लागते, हे त्याला ठाऊक नसते. ते लिहिण्याचे काम आपले आहे, आणि सांगणारे घरात आहेत तोवरच ते होणार आहे.